पार्किन्सनसाठी वासाची चाचणी : या चुका टाळा

औसा तालुक्यातील एका घरातला प्रसंग मी जवळून पाहिला आहे. वडिलांचा उजवा हात बसल्या जागी थरथरत असे आणि चालताना तोच हात अंगाशी धरल्यासारखा स्थिर राहत असे. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, वास जातो असे ऐकल्यावर मुलाने कापराची वडी चुरगळून त्यांच्या नाकाशी धरली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. "येतोय की रे वास, चांगला झोंबतोय," ते म्हणाले. मुलगा निर्धास्त झाला आणि तपासणी सहा महिने लांबली.

चूक कापराची होती. कापूर, अमृतांजन, कापलेला कांदा किंवा तपकीर यांचा झणका चेहऱ्याची संवेदना वाहणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू टिपतो, त्यामुळे ज्याची गंधाची जाणीव पूर्ण गेली आहे त्यालाही झोंबणे कळते. पुढे त्याच वडिलांना डोळे मिटायला सांगून कॉफीची पूड, बडीशेप आणि पिकलेले केळे मध्ये थोडा थोडा वेळ सोडून हुंगायला दिले, तेव्हा तिन्ही वेळा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"वास येतो ना?" एवढे विचारून थांबणे ही दुसरी चूक आहे. पार्किन्सनच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये गंधक्षमता घटलेली आढळते आणि ही घट कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीची असू शकते. परंतु ती इतकी हळूहळू होते की बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो. घरात मात्र "आजकाल भाजीला चवच नसते" अशी तक्रार सुरू होते आणि बोल सुनेच्या हाताला लागतो. म्हणून तोंडी उत्तरापेक्षा प्रत्यक्ष चाचणीवर भर द्यावा.

वास ओळखता आला नाही म्हणजे पार्किन्सन झालाच, असे समजून घाबरणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक होय. सर्दी, सायनसचा जुना त्रास, नाकातील मांसवाढ, डोक्याला लागलेला मार, कोविड आणि तंबाखू यांनीही वास मंदावतो. शिवाय ६५ ते ८० या वयातील निम्म्याहून अधिक लोकांमध्ये तो कमी झालेला असतो. त्यामुळे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाक तपासून घ्यावे, आणि सर्दी असताना किंवा मळणीच्या धुळीने नाक चोंदलेले असताना चाचणी करूच नये. उलट बाजूने, वास शाबूत आहे म्हणून पार्किन्सन नाही असेही म्हणता येत नाही. निदान आजही हालचालींच्या मंदपणावर, आणि त्याच्या जोडीला असलेल्या कंपावर किंवा ताठरपणावर ठरते. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत गंधक्षमता जाणे हा केवळ पूरक पुरावा मानला आहे.

हा पूरक पुरावा खरा उपयोगी पडतो तो कंपाचे कारण निश्चित नसेल तेव्हा. पेला उचलताना हात थरथरणाऱ्या 'इसेन्शियल ट्रेमर'मध्ये वास सहसा टिकून असतो. चक्कर किंवा उलटीसाठी दीर्घकाळ घेतलेल्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड यांसारख्या औषधांनी उद्भवणाऱ्या पार्किन्सनसदृश लक्षणांतही तो बहुधा शाबूत असतो. म्हणून घरातील औषधांची पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांसमोर रिकामी करावी. स्वतःच्या मनाने गोळ्या मात्र बंद करू नयेत.

परदेशी चाचणीचे गुण जसेच्या तसे स्वीकारणेही धोक्याचे आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रसिद्ध चाचणीत ४० वास असून प्रत्येकाला चार पर्याय असतात, म्हणजे केवळ अंदाजाने ठोकूनही १० गुण पडू शकतात. त्यात रूट बिअर हे अमेरिकी पेय आणि पम्पकिन पाय हा भोपळ्याचा गोड पदार्थ यांचे वास आहेत. ज्या आजीने आयुष्यभर येसर आणि भाजलेल्या भाकरीचा वास घेतला, तिला ते ओळखता आले नाहीत तर दोष तिच्या नाकाचा नव्हे. भारतीयांच्या ओळखीच्या वासांची चाचणी उपलब्ध असेल तर तीच मागावी.

निदान झाल्यावर लेव्होडोपा या पार्किन्सनवरील औषधाने हालचाल सुधारते, वास मात्र सहसा परतत नाही. त्यावरून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढू नये. ज्यांचा वास गेला आहे त्यांना गॅसगळतीचा इशारा देणारा मर्कॅप्टनचा उग्र दर्पही कळत नाही. अशा घरात रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद आहे की नाही हे दुसऱ्या माणसाने स्वतः पाहावे, आणि दूध नासले का हे रुग्णाला हुंगून ठरवायला लावू नये.