सहलीत लहानग्यांना माया कशी जाणवेल

घराबाहेर पडलं की मोठ्यांना मोकळं वाटतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं मात्र ओळखीचं सगळंच एकदम सुटतं. अंथरूण वेगळं, वास वेगळा, झोपेची वेळ चुकलेली. म्हणून ते चिकटून बसतं, कुरकुरतं, बारीकसारीक गोष्टींवरून रडतं. याला हट्ट समजू नका. आधी उचलून कुशीत घ्या, समजावणं नंतर. दमलेल्या मुलाच्या कानात शब्द शिरत नाहीत, पाठीवरून फिरणारा हात मात्र लगेच कळतो.

झोपवताना घरी जे करता तेच तिथेही करा: तीच गोष्ट, तेच गाणं, त्याच क्रमाने. त्याची रोजची चादर न धुता सोबत न्या. ओळखीच्या वासाने परकी खोलीही जरा आपली वाटते.

दिवसातून थोडा वेळ फोन बॅगेत टाकून फक्त त्याच्यापाशी बसा, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. पोर मुंग्यांची रांग बघत थांबलं असेल, तर ‘चल, उशीर होतोय’ म्हणण्याआधी शेजारी उकिडवे बसा आणि विचारा, ‘कुठे निघाल्यात रे या सगळ्या?’ उत्तर येईपर्यंत थांबा. यादीतलं एखादं ठिकाण बघायचं राहिलं तर राहू द्या.

सोबतची मंडळी लाडाने पापा मागतात. मूल मागे सरलं तर त्याला पुढे ढकलू नका; टाळी दिली तरी पुरे. आणि मोठ्या भावंडालाही मांडीवर घ्या, ‘तू आता मोठा झालास’ म्हणता म्हणता त्याचे लाड राहून जातात.