जुन्या हॅमंड ऑर्गनला कोणतं तेल?

हॅमंड बी-३ सारख्या टोनव्हील ऑर्गनमध्ये, म्हणजे फिरत्या चकत्यांतून सूर काढणाऱ्या विजेच्या वाद्यात, 91 दातेरी चकत्या अखंड फिरत असतात. त्यांच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचतं ते बारीक सुती दोऱ्यांतून, दिव्याच्या वातीत चढावं तसं. म्हणून इथे खास टोन जनरेटरसाठी (या चकत्यांच्या यंत्रणेसाठी) मिळणारं पातळ तेलच घ्या. बिजागऱ्यांना घालतो ते घरगुती तेल कालांतराने चिकट होतं, दोरे तुंबतात आणि ते बदलायचे म्हणजे सगळा जनरेटर खोलावा लागतो. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा स्प्रे तर लांबच ठेवा; तो टिकाऊ वंगण नाही. वर्षातून एकदा जनरेटरच्या तेलकपांत थोडं तेल पुरतं. मोटरचे कप वेगळे असतात, ते विसरू नका.

एखादी पट्टी खरखरली की आत काँटॅक्ट क्लीनर (विजेचे संपर्क साफ करणारं द्रावण) फवारायचा मोह होतो. तसं करू नका! सुटलेला मळ दुसऱ्या संपर्कांवर जाऊन बसतो. ती पट्टी आधी बऱ्याचदा दाबून पाहा, अनेकदा तेवढ्यानेच आवाज साफ होतो. बाहेरच्या प्लास्टिकला ॲसिटोन नको, किंचित ओलं मऊ फडकं पुरे.

आत हात घालण्यापूर्वी प्लग काढाच; कपॅसिटरमध्ये त्यानंतरही विजेचा भार उरतो.