व्हायोलिन-चेलोवर लाइव्ह इफेक्ट्स लावायचे असतील तर

लाइव्ह प्रोसेसिंग म्हटलं की सगळे आधी प्लगइन (इफेक्टची सॉफ्टवेअरं) शोधत बसतात, पण निम्मं काम आवाज आत कसा घेताय तिथेच होतं. ब्रिजवरचा पिएझो पिकअप (वाद्याची कंपनं पकडून त्यांचा विद्युत सिग्नल करणारा सेन्सर) सरळ लाइन इनपुटला जोडू नका, त्याला साधारण १ मेगाओमचं इनपुट लागतं, म्हणजे ऑडिओ इंटरफेसचं (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी) इन्स्ट्रुमेंट इनपुट किंवा मध्ये प्रीअँप, नाहीतर खालचे सूर गळतात आणि उरतो तो पातळ किरकिरा आवाज. क्लिप-ऑन माइक जास्त खरा वाटतो पण मॉनिटर जवळ असला की शिट्टी मारतो, म्हणून मी दोन्ही लावतो, प्रोसेसिंगला पिएझो आणि लोकांना मूळ वाद्य ऐकवायला माइक.

बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून घेतो तो, १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला तो २.७ मिलिसेकंद होतो, जाता-येता दुप्पट धरा, वर कन्व्हर्टरचं थोडं. एकूण उशीर १० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर चालतं, तेवढा वेळ तर साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानाशी यायलाही लागतो. मात्र मूळ आवाज कॉम्प्युटरमधून फिरवू नका, तो डायरेक्ट मॉनिटरिंगवरून (इंटरफेसमधूनच थेट स्पीकरकडे) जाऊ द्या आणि सॉफ्टवेअरमधून फक्त इफेक्ट, १०० टक्के वेट (मूळ आवाज न मिसळता), नाहीतर दोन्ही एकमेकांवर चढून आवाज पोकळ होतो.

सॉफ्टवेअर म्हणाल तर प्युअर डेटा फुकट आहे, त्यात ठोकळे जोडून आपले इफेक्ट बनवता येतात, आणि ते मॅक्स नावाचं तसंच सॉफ्टवेअर ज्यांनी पॅरिसच्या इरकाम या संगीत संशोधन संस्थेत लिहिलं त्याच मिलर पकेट यांचं.

आता खरी मजा. इफेक्टचा ताबा नॉबकडे न देता गजाकडे द्या! एन्व्हलप फॉलोअर (आवाजाचा जोर मोजत राहणारा भाग) लावा, अटॅक म्हणजे जोर वाढल्यावर तो चढण्याचा वेळ १० मिलिसेकंद, रिलीज म्हणजे उतरण्याचा वेळ ३०० च्या आसपास, आणि तो रिव्हर्बच्या (घुमण्याच्या इफेक्टच्या) लेव्हलला उलटा जोडा. जोरात वाजवलं की रिव्हर्ब दबतो, गज हलका झाला की हळूहळू फुलतो, आणि हे सगळं मनगटातून होतं, वाजवणाऱ्याला स्क्रीनकडे बघावंच लागत नाही.

पिच ट्रॅकिंगवर, म्हणजे कॉम्प्युटरने सूर ओळखण्यावर, मात्र फार भिस्त नको. चेलोची खालची सी तार ६५ हर्ट्झची, एक आवर्तन १५ मिलिसेकंदांचं, सूर ओळखायला निदान दोन आवर्तनं तरी लागतात म्हणजे ३० गेलेच, त्यामुळे त्यावर चालणारा हार्मोनायझर (वाजवलेल्या सुराला जोडीचे सूर देणारा इफेक्ट) लांब संथ गजावरच शोभतो, जलद तानांत मागे पडतो.

पायाशी मिडी पेडल, त्यावर दोनच बटणं, पुढचा सीन (इफेक्टची पुढची मांडणी) आणि सगळं म्यूट. शेवटी आउटपुटवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा) लावाच, डिलेचा फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनीचा परत आत जाणारा भाग, १०० टक्क्यांच्या वर गेला की आवाज क्षणात कानठळ्या बसवतो.