जुन्या हेरकथा आणि गूढकथांच्या वाटेने नवी कथा कशी लिहावी

जुन्या हेरकथा वाचून भारावलेला माणूस स्वतः लिहायला बसला, की पहिल्या पानावर हमखास धुकं उतरतं. मागोमाग गॅसचे दिवे, घोडागाडी, पाइप ओढणारा चतुर हेर आणि त्याचं बोलणं आ वासून ऐकणारा मित्र. गूढकथेचा नाद असेल तर ओसाड वाडा, तळघर आणि तिथे सापडलेली जीर्ण पोथी. एवढं सामान गोळा होतं आणि चौथ्या पानावर गाडं अडतं, कारण पुढे काय घडणार हेच ठरलेलं नसतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कथा आजही वाचाव्याशा वाटतात त्या त्यांच्या रचनेमुळे. आपण घ्यायची ती रचना. धुकं त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या.

आधी ठरवा: बाकी शून्य, की काही उरणार?

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाची एक कथा एप्रिल १८४१ मध्ये 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये छापून आली. आतून बंद खोली, चक्रावलेले पोलीस, तर्काने छडा लावणारा माणूस आणि त्याची हकिगत सांगणारा मित्र हे सगळं तिच्यात एकत्र आलं. आधुनिक हेरकथेची सुरुवात तिथून मानतात. याच पोने झोप उडवणाऱ्या भयकथाही लिहिल्या, आणि यात नवल काही नाही. दोन्ही प्रकारांत सुरुवात सारखीच असते: रोजच्या व्यवहारात न बसणारी एक गोष्ट समोर येते आणि कोणीतरी तिचा अर्थ लावायला निघतं.

फरक पडतो तो शेवटी, शाळेतल्या भागाकारासारखा. हेरकथेत बाकी शून्य उरली पाहिजे. प्रत्येक ठसा, प्रत्येक खोटं बोलणं, प्रत्येक उघडी खिडकी उत्तरात बसली पाहिजे. गूढकथेत सगळं नीट भागून झाल्यावरही काहीतरी उरतं, आणि पुस्तक मिटल्यावर वाचक त्या बाकीचाच विचार करत बसतो.

नवख्यांच्या कथा फसतात त्या बहुतेक इथेच. सुरुवात हेरकथेची होते, गुंता सुटेनासा झाला की लेखक भूत आणतो. वाचक दुखावतो, कारण त्याने मन लावून धागेदोरे जुळवलेले असतात. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये हेरकथेचे दहा नियम मांडले. त्यांत अलौकिक शक्तींना साफ मज्जाव होता. दुसरीकडे इंग्रज लेखक विल्यम होप हॉजसन यांनी १९१० पासून कार्नाकी नावाच्या नायकाच्या कथा लिहिल्या. हा भुताखेतांचा तपास करणारा माणूस. त्याच्या काही प्रकरणांत शेवटी माणसाची लबाडी निघते, काहींत खरोखरच अमानवी काही असतं. त्यामुळे नवं प्रकरण सुरू झालं की वाचक शेवटपर्यंत साशंक राहतो. दोन्ही वाटा खुल्या आहेत. पण आपली कोणती, हे पहिलं वाक्य लिहिण्याआधी वहीत नोंदवून ठेवा.

शेवटाकडून मागे या

हेरकथेचा आराखडा उलटा करायचा असतो. आधी खरं काय घडलं ते तारीख-वारासकट, घड्याळाच्या वेळेसकट लिहून काढा. मग ते लपवा. एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत चालवू.

जागा: एक वखार. काळ: शाईच्या पेनांचा. रात्रीचा पहारेकरी दर तासाला फेरी मारतो आणि नोंदवहीत वेळ, शेरा, सही अशी ओळ लिहितो. शनिवारी रात्री दोनची नोंद झाल्यावर वखारीचा हिशेबनीस त्याला जिन्यावरून ढकलतो. पहारेकरी मरतो. हिशेबनीस त्याच्याच पेनाने तीन, चार आणि पाच अशा तीन ओळी एका दमात लिहितो आणि निघून जातो. साडेतीनपासून सहापर्यंत तो एका आजारी नातेवाइकाच्या उशाशी बसलेला असतो, डॉक्टरांच्या देखत. प्रेत सापडतं सोमवारी सकाळी. वही सांगते की पाचपर्यंत पहारेकरी जिवंत होता. सहाला त्याची पाळी संपायची. म्हणजे मृत्यू पाच ते सहाच्या दरम्यान, आणि त्या तासाचा हिशेबनिसाकडे पक्का पुरावा.

प्रेत सोमवारी का सापडावं? रविवारी सकाळीच सापडलं असतं, तर शरीराच्या ताठरपणावरून डॉक्टरांना वेळेची शंका आली असती. दिवसभर मध्ये गेला की तीन तासांचा फरक कळणं अवघड होतं. अशी भोकं आराखड्यातच बुजवून घ्या. कथा आजच्या काळात घडत असेल तर सीसीटीव्ही, मोबाइल आणि त्यातलं लोकेशन यांचं उत्तर आधी शोधा. प्रत्येक वेळी 'नेमकी बॅटरी संपली होती' म्हणून सुटका करून घेतलीत, तर वाचकाचा विश्वास उडतो.

आता सुगावा. पहारेकरी डावखुरा होता. डावीकडून उजवीकडे लिहिताना डावखुऱ्याचा हात ओल्या अक्षरांवरून पुढे सरकतो आणि शाई फासली जाते. दोनपर्यंतच्या सगळ्या ओळी फराटलेल्या आहेत, तीन-चार-पाचच्या तीन ओळी स्वच्छ. त्या उजव्या हाताने लिहिल्या गेल्या.

असा सुगावा सुचला की तो कागदावर करून पाहाच. शाईचं पेन घ्या, डाव्या हाताने चार ओळी लिहा. लगेच कळेल की सगळ्याच डावखुऱ्यांची शाई फासत नाही. जे ओळीच्या खालून हात नेतात त्यांचं लिखाण स्वच्छ राहतं. म्हणजे आपला पहारेकरी लिहिलेल्या ओळीवरूनच हात सरकवत नेणारा हवा, आणि हे कथेत कुठेतरी दिसायला हवं. अशा बारकाव्यांसाठी वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं. वाचक तज्ज्ञ नसला तरी लेखकाने पडताळून पाहिलेली गोष्ट त्याला वेगळी जाणवते.

सुगावा डोळ्यांसमोर लपवा

उलगड्याला लागणारी प्रत्येक गोष्ट वाचकाला आधी दाखवलेली असली पाहिजे. दाखवायची, पण तिची पाटी बदलून. आपल्या कथेत तपास करणारी एक बाई आहे, तिच्या प्रसंगातला हा तुकडा पाहा:

"तिनं वही उघडली. ओळीओळीवरून शाईचे फराटे गेलेले. 'किती वेळा सांगितलं, टिपकागद वापर म्हणून,' मालक कुरकुरला. 'ऐकेल तर शपथ.' शेवटच्या पानावर तिची नजर थोडी रेंगाळली, तोच जिन्याखालून हाक आली. किल्ल्यांचा जुडगा सापडला होता."

फराटे वाचकाने पाहिले, पण मालकाच्या कुरकुरीमुळे ते गबाळेपणाच्या खात्यावर गेले. शेवटचं पान वेगळं आहे असा इशारा झाला आणि त्याच श्वासात किल्ल्यांनी लक्ष ओढून नेलं. पहारेकरी डावखुरा होता ही माहिती तीन-चार पानांनंतर, भलत्याच प्रसंगात द्या. त्याची बायको सांगेल की पंगतीत तो नेहमी कडेची जागा धरायचा, शेजाऱ्याला कोपर लागू नये म्हणून. दोन तुकडे लांब ठेवायचे, इतकीच युक्ती. ते वाचकाने स्वतः जोडले तर त्याला आनंद होतो, नाही जोडले तर शेवटी तो मागची पानं उलटतो. दोन्हीत तुमचं भलं.

दिशाभूल करणारे धागे थोडेच ठेवा. वाचकाला साप साप म्हणून भुई धोपटायला लावायचीच असेल तर तिथे निदान सापाची कात तरी सापडली पाहिजे. वखारीत त्या रात्री हमालही येऊन गेला होता, हे खरं. पण तो आला होता चोरून माल न्यायला. त्याच्या खोटं बोलण्यालाही स्वतःचं कारण मिळालं. लघुकथेत तीनपेक्षा जास्त संशयित पेलत नाहीत.

कोणाच्या नजरेतून?

हेराच्या डोक्यात शिरून लिहिलंत तर त्याला कळलेलं वाचकापासून लपवणं ही फसवणूक ठरते. म्हणूनच जुन्या कथांमध्ये सोबती असतो: तो सगळं पाहतो, पण अर्थ चुकीचा लावतो. त्याला मठ्ठ करू नका. त्याचे तर्क पटण्यासारखे हवेत, वाचकाला वाटलं पाहिजे की मीही असाच विचार केला असता.

गूढकथेसाठी निवेदक निवडताना माझा कौल नेहमी काटेकोर माणसाला: कारकून, सर्व्हेअर, डॉक्टर, हिशेब तपासणारी बाई. पहिल्या पानापासून पाचावर धारण बसलेला निवेदक घाबरला तर त्यात विशेष काय? आयुष्यभर आकडे जुळवणाऱ्या माणसाला एक आकडा जुळत नाही म्हणून झोप येत नाही, तेव्हा वाचकाच्या मनात पाल चुकचुकते.

आता तीच कथा गूढकथा करू

वखारीच्या आराखड्यात एकच बदल करा. वहीत तीन, चार, पाच या स्वच्छ ओळींखाली सहाचीही नोंद आहे, आणि ती फराटलेली आहे.

या एका ओळीने किती गोष्टी हलतात पाहा. हिशेबनिसाने पाच ते सहाचा पुरावा तयार ठेवला होता. सहाच्या नोंदीमुळे पोलीस मृत्यूची वेळ सहानंतरची धरतात, आणि सहानंतर तो घरी एकटाच होता. त्याचा बचाव कोसळतो तो मेलेल्या माणसाच्या सहीने. तपास करणारी बाई फराट्यांवरून खोट्या नोंदी पकडते, तो कबूलही होतो, पण शपथेवर सांगतो की आपण तीनच ओळी लिहिल्या. गुन्ह्याचा हिशेब पुरा झाला. बाकी एक ओळ.

ही बाकी कशी लिहायची याबद्दल माझं मत ठाम आहे. ती एकच असावी. सही आपोआप उमटली, शिवाय जिन्यावर पावलं वाजली, शिवाय दिवा विझला असं केलंत की तिन्हींचा जोर जातो. ती हाताला लागणारी असावी, वातावरणात विरणारी नको. आणि तिच्याजवळ 'भयानक', 'अंगावर काटा आणणारं', 'अकल्पनीय' असले शब्द फिरकूही देऊ नका. पंचनाम्याच्या भाषेत लिहा: "सोमवारी अकरा वाजता तिनं सहाच्या ओळीवरून बोट फिरवलं. बोटाला शाई लागली." त्यावर निवेदकाचं एकही वाक्य नको.

एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे विद्वान आणि भूतकथांचे मोठे कारागीर. भूत दुष्ट हवं, आणि कथेची जागा वाचकाला ओळखीची वाटेल अशी हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरी गोष्ट मला पूर्ण पटते. वखार, नोंदवही, टिपकागद यांवर वाचकाचा विश्वास बसला, तरच ती ओली शाई त्याला अस्वस्थ करते. पहिल्या गोष्टीला आपली कथा थोडी वळसा घालते: इथला मेलेला फक्त आपली पाळी पुरी करतो. ते जास्त भीतीदायक की कमी, हे तुमच्या वाचकांना विचारा.

काय घेऊ नये

जुन्या कथांमध्ये परदेशी, काळा किंवा वेगळ्या धर्माचा माणूस दिसला की तो संशयास्पद, असा हिशेब वारंवार येतो. विशेषतः गूढकथांमध्ये 'रानटी' लोकांचे पंथ हे भीतीचं सोपं साधन झालं होतं. ते अन्यायाचं तर आहेच, शिवाय कथेच्या दृष्टीनेही आळशीपणाचं आहे, कारण भीती कुठून येणार ते वाचकाला आधीच कळतं. ते जिथलं तिथेच सोडा.

भाषेची नक्कलही टाळा. शंभर वर्षांपूर्वीची वळणदार वाक्यं आज कोणी लिहिली की मुखवटा दिसतो.

जुनी पात्रं थेट वापरायची असतील तर हक्क तपासा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, अनेक देशांत ७०. आर्थर कॉनन डॉयल १९३० मध्ये वारले, आणि अमेरिकेतही त्यांच्या शेरलॉक होम्सच्या उरल्यासुरल्या कथा १ जानेवारी २०२३ पासून मुक्त झाल्या. मात्र अलीकडच्या चित्रपट-मालिकांनी त्या पात्राला जोडलेल्या नव्या गोष्टींवर त्या त्या निर्मात्यांचा हक्क असतो. माझं विचाराल तर स्वतःचं पात्र घडवावं. प्रसिद्ध हेर आणला की वाचक त्याच्या लकबी मोजत बसतो आणि कोडं बाजूला राहतं.

लांबी आणि दुरुस्ती

कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा परिणाम एकच असावा, हे पोचं मत या प्रकाराला अजूनही लागू पडतं. अडीच ते चार हजार शब्दांत वखारीची कथा आरामात मावेल. पहिल्या पानावरच विचित्र गोष्ट येऊ द्या. पहारेकऱ्याचं बालपण नको.

खर्डा झाला की मोठ्याने वाचा. जेम्स नाताळात मित्रांना आपल्या कथा वाचून दाखवत. कथा ऐकवताना जिथे तुम्हालाच घाई होते, तो मजकूर जादा आहे. मग दोन जणांना वाचायला द्या आणि 'आवडली का' हे विचारूच नका. विचारा: संशय पहिल्यांदा कुठे आला, आणि कोणाचा? दोघांनीही वहीच्या प्रसंगातच हिशेबनिसाला ओळखलं तर फराट्यांचं वाक्य आणखी खोल पुरा. दोघांनाही शेवटानंतर फराटे आठवलेच नाहीत, तर मालकाची कुरकुर जरा लांबवा.

उलगड्याच्या प्रसंगावर सगळ्यात जास्त कात्री चालवावी लागते. हेर बोलायला लागला की थांबत नाही, वाचकाला माहीत असलेलंही पुन्हा सांगतो. त्याच्या भाषणातलं प्रत्येक वाक्य तपासा: यातून वाचकाला नवं काही मिळतंय का? नसेल तर खोडा. आणि गूढकथा लिहीत असाल, तर ओल्या शाईच्या वाक्यानंतर तुम्ही जे काही लिहिलं असेल ते सगळं काढून कथा पुन्हा एकदा वाचून बघा.