शर्यतीतला चढ्या भावाचा घोडा आणि पैजेची रक्कम

वीसास एक भावाचा (म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास वीस रुपये नफा देणारा) घोडा २१ पैकी एका शर्यतीत, म्हणजे सुमारे ४.८ टक्के वेळा जिंकला तरच हिशेब बरोबरीत सुटतो. त्यामुळे अंतर, धावपट्टीची स्थिती, वजन आणि जॉकी पाहून स्वतःचा अंदाज निदान ७ टक्क्यांवर जात नसेल, तर तो घोडा सोडून द्यावा. नुसता भाव मोठा आहे हे कारण पुरेसे नाही, कारण अशा घोड्यांवर लोक बहुधा गरजेपेक्षा जास्तच पैसे लावतात. अंदाज ७ टक्के धरल्यास केली सूत्रानुसार (भांडवलाचा किती हिस्सा लावावा हे सांगणारे सूत्र) पैज वेगळ्या काढलेल्या भांडवलाच्या २.३५ टक्के येते. पण अंदाज चुकतातच (विशेषतः आवडत्या घोड्याबाबत), म्हणून तिचा चौथा हिस्सा पुरे. अंदाज अचूक असला तरी सलग ३० पैजा हरण्याची शक्यता ११ टक्के उरते आणि त्या काळात रक्कम वाढवू नये.