गाण्याच्या हॉलमध्ये सीट कुठली घ्यायची?

बडोद्यात अकोट्याच्या नगरगृहात गाणं ऐकायला जाणार असाल तर तिकीट काढायच्या आधी सीटचा प्लॅन नीट बघा, कारण पहिली रांग म्हणजे बेस्ट असं अजिबात नसतं, तिथे एकाच बाजूचा स्पीकर कानावर आदळतो. मधल्या रांगा घ्या, शक्यतो मध्यभागी. बाल्कनीच्या खाली अगदी मागे नको, छतावरून परतणारा आवाज तिथे नीट पोचत नाही.

थोडं लवकर जा, हॉल रिकामा असताना एक जोरात टाळी वाजवा आणि ती विरायला किती वेळ लागतो ते ऐका. भाषण-नाटकाला साधारण 1 सेकंद पुरतो, मोठ्या ऑर्केस्ट्राला 2 च्या आसपास लागतात, म्हणून तर नाटकाच्या हॉलमध्ये तंबोरा कोरडा वाटतो. आणि लोक भरले की घुमणं अजून कमी होतं, माणसं आणि कपडे आवाज शोषतात ना.

बर्लिनचा फिलहार्मोनी हा ऑर्केस्ट्राचा हॉल 1963 चा, स्टेज मधोमध आणि लोक चहूबाजूंनी, म्हणजे आपली बैठकच की! फैयाज खाँसाहेब जिथे दरबार गायक होते त्या आपल्या बडोद्यात असा एक हॉल व्हायलाच हवा, मनापासून वाटतं.