खेळता येतं, पण शिकवायचं कसं? पूल-बिलियर्ड्सच्या नव्या प्रशिक्षकांसाठी

पन्नासचा ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) सहज मारणारा विशीतला खेळाडू शिकवायला उभा राहिला की पहिल्याच तासाला अडकतो. समोरच्याचा बॉल का चुकला हे त्याला सांगता येत नाही, कारण स्वतःचा का जातो याचा त्याने कधी विचारच केलेला नसतो. भारताचे बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स यांची जगज्जेतेपदं १९५८ आणि १९६४ ची, प्रशिक्षकांना मिळणारा द्रोणाचार्य पुरस्कार मात्र १९९६ चा. शिकवणं हे वेगळं काम आहे. तेव्हा फी घेण्याआधी महिनाभर नुसत्या चुका ओळखायचा सराव करा.

त्यासाठी एक जुनी कसोटी पुरते. स्नूकर टेबलावर पांढरा बॉल ब्राऊनच्या स्पॉटवर (तो रंगीत बॉल ठेवायच्या खुणेवर) ठेवा आणि ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटवरून सरळ वरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) मारायला सांगा. तो त्याच रेषेत परत येऊन टिपला (क्यूच्या, म्हणजे काठीच्या, टोकाला) लागायला हवा. जातानाच स्पॉट सोडून गेला तर निशाणाच वाकडा. सरळ गेला पण येताना उजवीकडे वळला, तर टिप मध्याच्या उजवीकडे लागली, म्हणजे नकळत साइड (बॉलला बाजूची फिरकी) लागली.

इथेच बहुतेक जण घाई करून ‘हात सरळ ठेव’ म्हणतात. आधी खेळाडूला बॉलजवळ टिप नेऊन थांबवा आणि समोरून बघा. टिप तेव्हाच खेळाडूच्या उजवीकडे असेल तर दोष नजरेचा. हनुवटी क्यूवर कुठे टेकते ते तपासा. टिप मधोमध असूनही साइड लागत असेल तर क्यू मारताना फिरतोय: मूठ आवळली जाते, मनगट वळतं किंवा खांदा वर येतो. डोकं उचललं जाणं हा बहुधा या आवळण्याचाच परिणाम असतो, म्हणून ‘डोकं खाली’ असं ओरडून फरक पडत नाही. मूठ सैल करवा, बॉल खिशात पडेपर्यंत तसंच राहायला सांगा. मोबाइलवर एकदा समोरून, एकदा बाजूने शूट करून लगेच दाखवा. एका तासात एकच दुरुस्ती.

बिलियर्ड्स शिकवताना सुरुवात हाफ-बॉल इन-ऑफने करा, म्हणजे पांढरा दुसऱ्या बॉलला अर्धा लागून स्वतः खिशात जातो तो शॉट. लालच्या कडेवर नेम धरला की साधा घरंगळत जाणारा पांढरा साधारण ३३ अंशांत वळतो, आणि नेम थोडा चुकला तरी हा कोन फारसा बदलत नाही. नवख्याला त्यामुळे लवकर यश मिळतं.

लहान मुलांना मात्र आधी पूलवर आणा. स्नूकर टेबल सुमारे ३४ इंच उंच असतं, पूलचं ३० च्या आसपास. उंच टेबलावर मूल कोपर वर उचलून मारायला लागतं आणि ती खोड मग जाता जात नाही. पूलचा बॉलही मोठा, ५७ मिलिमीटरचा (स्नूकरचा ५२.५).

मुंबईचा पावसाळा वेगळा धडा देतो. दमट कापडावर बॉल लवकर थांबतो, मग शिकणारा जोर लावतो आणि स्ट्रोक बिघडतो. जुलै-ऑगस्टमध्ये लांब पल्ल्याचे शॉट कमी ठेवा, जवळचा सराव घ्या. एसी नसलेल्या पार्लरमध्ये हे जास्तच जाणवतं.

पार्लरमध्ये टेबलाचं भाडं तासावर असतं, त्यामुळे ते आणि तुमची फी वेगवेगळी, हे पहिल्याच दिवशी सांगा. दुपारची रिकामी वेळ मालकाकडे मागा. जिमखान्यात शिकवायचं तर आधी समितीची परवानगी लागेल. तिथल्या मार्करशीही (टेबल सांभाळणाऱ्या, गुण मोजणाऱ्या माणसाशी) ओळख ठेवा. वर्षानुवर्षं लोकांच्या चुका बघितलेला माणूस तो, दोन तास त्याच्याशेजारी बसलात तरी पुष्कळ कळेल.

वयाने मोठे विद्यार्थी येतात तेव्हा तरुण प्रशिक्षक एक तर दबतो, नाहीतर उगाच कडक होतो. ‘काका, कोपर जरा धरू का?’ असं विचारून मगच हात लावा. मुलांच्या बाबतीत ही परवानगी पालकांकडून आधीच घ्या, आणि तास पालकांना दिसेल अशा टेबलावर ठेवा.